चोवीस जीबी रॅम आणि ‘अपेक्षेपेक्षा कमी’ हा शेरा

गोव्यातल्या साखळी गावच्या एका गृहस्थांनी विचारले आहे. ते गावोगावच्या उत्सवी नाटकांचे चित्रीकरण करतात आणि संकलन घरच्या लॅपटॉपवर करतात. लॅपटॉप इंटेल आय५-१०२१०यू प्रोसेसरचा. त्यात डीडीआर४-२६६६ची ८ जीबी रॅम होती, दुसरा स्लॉट रिकामा होता. तिथे त्यांनी दुकानातून १६ जीबीची डीडीआर४-३२०० स्टिक बसवून घेतली. घरी येऊन बेंचमार्क, म्हणजे रॅमचा वेग मोजणारी चाचणी, चालवला तर वाचनाचा वेग सेकंदाला १८.२ जीबीवरून ३५.१ जीबीवर गेलेला. दुसऱ्या दिवशी तोच बेंचमार्क चालवला तर २७.४. लेटन्सी, म्हणजे माहिती मागितल्यापासून ती येईपर्यंतचा वेळ, ८२.६ नॅनोसेकंदांवरून ८६.९ झालेली, म्हणजे उलट वाढलेली. टास्क मॅनेजर वेग २६६७ दाखवतो, ३२०० नाही. आणि एका संकेतस्थळाच्या चाचणीने रॅमला ‘अपेक्षेपेक्षा कमी’ असा शेरा मारला. त्यांचे म्हणणे, दुकानदाराने फसवले का? स्टिक परत करू का?

आधी उत्तर सांगतो, मग कारणे. तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून फसवणूक झाल्याचे मला कुठेच दिसत नाही. स्टिक परत करायची की नाही हे या आकड्यांवर ठरवू नका, ते एका वेगळ्या चाचणीवर ठरवा. तिच्याकडे शेवटी येतो.

म्हापशात लॅपटॉप दुरुस्तीच्या धंद्यात बसलो असल्याने हा प्रश्न माझ्या टेबलावर सारखा येतो, आणि बहुतेकदा घोळ एकाच जागी असतो. माणूस रॅमची क्षमता विकत घेतो आणि बेंचमार्क रॅमचा वेग मोजतो. तुम्ही ८ची २४ जीबी केली. पण वेग मोजणाऱ्या चाचणीला ८ काय आणि २४ काय, सारखेच. ती रॅममधला काही मेगाबाइटचा किंवा एखाद्या जीबीचा तुकडा घेते, त्यात भराभर लिहिते, वाचते आणि किती वेळ लागला ते सांगते. उरलेली रॅम किती आहे याच्याशी तिला देणेघेणे नसते. तुमचा आकडा १८वरून ३५वर गेला तो रॅम तिप्पट झाली म्हणून गेला नाही. दोन स्लॉट भरले म्हणून गेला. रिकाम्या स्लॉटमध्ये ८ जीबीचीच स्टिक घातली असती तरी आकडा जवळपास तेवढाच आला असता, आणि शिवाय रोजच्या रोज तसाच आला असता. तो मुद्दा पुढे येईल.

आता आपल्या मशीनचे छत, म्हणजे रॅमच्या वेगाची कमाल मर्यादा, हिशेबाने काढायला शिका. गणित शाळेतले आहे. चॅनल म्हणजे प्रोसेसर आणि रॅम यांच्यातला रस्ता, तुमच्याकडे प्रत्येक स्लॉटला एक. डीडीआर४च्या एका चॅनलची रुंदी ६४ बिट, म्हणजे ८ बाइट. २६६६ याचा अर्थ सेकंदाला २६६६ दशलक्ष वेळा ही आठ बाइटची देवाणघेवाण. २६६६ गुणिले ८ केले की सेकंदाला साधारण २१.३ जीबी. दोन्ही चॅनल चालू असतील तर दुप्पट, ४२.६ जीबी. यापलीकडे तुमचे मशीन जाऊच शकत नाही, मग स्टिकवर काहीही छापलेले असो. छतापर्यंतही कोणी पोचत नाही, कारण रॅमला मधूनमधून स्वतःला ताजेतवाने करावे लागते, वाचनाकडून लेखनाकडे वळताना थांबावे लागते, एक ओळ बंद करून दुसरी उघडावी लागते. छताच्या ८० ते ९० टक्के वाचन मिळाले की मी ते मशीन ठीक धरतो. तुमचे आधीचे १८.२ म्हणजे एका चॅनलच्या छताच्या सुमारे ८५ टक्के. नंतरचे ३५.१ म्हणजे दोन चॅनलच्या छताच्या सुमारे ८२ टक्के. यात खोट काढायला जागा नाही.

तोच हिशेब इतरांसाठीही देऊन ठेवतो, कारण प्रोसेसर बदलला की छत बदलते. रायझन ५ ३५००यू असेल तर तो डीडीआर४-२४००च्या वर जात नाही, मग छत एका चॅनलला १९.२ आणि दोघांना ३८.४. आठव्या पिढीच्या आय५-८२५०यूचेही तेच, २४००. आय५-११३५जी७ किंवा रायझन ५ ५५००यू डीडीआर४-३२०० घेतात, तिथे २५.६ आणि ५१.२. डीडीआर५-४८०० असेल तर ३८.४ आणि ७६.८. शेजाऱ्याचा आकडा पाहून हळहळण्याआधी त्याचा प्रोसेसर विचारा.

इथेच तुमच्या २६६७ वि. ३२०० या शंकेचे उत्तर मिळते. स्टिकवर छापलेला वेग म्हणजे ती जास्तीत जास्त किती धावू शकते ते. प्रत्यक्ष वेग तिघांपैकी सर्वात हळू असलेला ठरवतो: प्रोसेसर, जुनी स्टिक आणि नवी स्टिक. तुमचा प्रोसेसर डीडीआर४साठी २६६६वर थांबतो आणि जुनी स्टिकही २६६६चीच आहे. त्यामुळे ३२००च्या स्टिकने खाली उतरणे भागच होते. सुरू होताना बायोस (मशीन सुरू करणारी मूळ प्रणाली) दोन्ही स्टिकवरच्या छोट्या चिपमधली माहिती वाचते आणि दोघींना जमेल असा वेग धरते. ३२००ची स्टिक घेऊन पैसे वाया गेले का? नाही. बाजारात आता २६६६च्या स्टिक शोधाव्या लागतात आणि ३२००ची सहज मिळते. दुकानदाराने हाताशी होती ती दिली, त्यात वावगे काही नाही. ‘३२०० घातल्याने लॅपटॉप जास्त पळेल’ असे त्याने तुम्हाला सांगितले असेल तर मात्र ते बरोबर नव्हते.

एक गंमत सांगतो, म्हणजे पुढच्या वेळी घाबरायला नको. सीपीयू-झेड नावाचे छोटे मोफत सॉफ्टवेअर उघडलेत तर मेमरीच्या पानावर वेग १३३३ मेगाहर्ट्झच्या आसपास दिसेल. अर्धाच! पुष्कळ लोक इथे फोन उचलतात. घड्याळाच्या एका ठोक्यात डीडीआर रॅम दोनदा माहिती पाठवते. ठोके १३३३, फेऱ्या २६६६. दोन्ही आकडे खरेच आहेत. नव्या इंटेल लॅपटॉपांत तर मशीन निवांत असताना मेमरीचा वेग आपोआप खाली येतो आणि काम पडले की वर जातो, त्यामुळे नुसते उघडून पाहिलेला आकडा याहूनही लहान दिसू शकतो. बेंचमार्क चालू असताना पाहा.

आता लेटन्सी, जिने तुमची झोप उडवली आहे. बँडविड्थ (सेकंदाला किती माहिती जाते) आणि लेटन्सी या दोन निराळ्या गोष्टी आहेत. रायबंदर-चोडण मार्गावर एकीऐवजी दोन फेरीबोटी सोडल्या तर तासाभरात दुप्पट गाड्या पलीकडे जातील, पण तुम्ही एकदा बोटीत चढल्यावर मांडवी ओलांडायला लागणारा वेळ तेवढाच राहील. दुसरा चॅनल म्हणजे दुसरी बोट. त्यामुळे लेटन्सी कमी होण्याची अपेक्षा मुळातच चुकीची होती.

आणि ती चार नॅनोसेकंदांनी वाढली ती का, याचे नेमके एक कारण लॅपटॉप समोर नसताना मी सांगू शकत नाही, परंतु संशयित सगळे किरकोळ आहेत. हिशेब बघा. २६६६च्या साध्या स्टिकचा सीएल आकडा, म्हणजे उत्तर द्यायला तिला लागणारे घड्याळाचे ठोके, १९ असतो. १९ भागिले १३३३ मेगाहर्ट्झ, म्हणजे सव्वाचौदा नॅनोसेकंद. तुम्ही मोजलेल्या ८३-८७ नॅनोसेकंदांत स्टिकच्या या आकड्याचा वाटा एवढाच. उरलेला वेळ प्रोसेसर आपल्या तिन्ही कॅशे (त्याच्या आतली छोटी, जलद मेमरी) धुंडाळतो, माहिती तिथे नाही हे कळल्यावर मागणी मेमरी कंट्रोलरकडे जाते, पत्त्याचे भाषांतर होते, बंद ओळ उघडते, यात जातो. प्रोसेसर त्या क्षणी किती वेगात धावत होता, चार्जर लावलेला होता का, मागे विंडोज अपडेट उतरत होते का, एवढ्यावरही तीन-चार नॅनोसेकंद इकडचे तिकडे होतात. ८७चे ११० झाले असते तर मी कान टवकारले असते. एवढ्याने नाही.

जाता जाता, ३२००च्या स्टिकचा सीएल बहुधा २२ असतो. २२ हा १९पेक्षा मोठा म्हणून ती स्टिक ‘हळू’ असे समजणारे भेटतात. २२ भागिले १६०० केले की पावणेचौदा येतात. म्हणजे ती नॅनोसेकंदांत किंचित लवकरच उत्तर देते. सीएल म्हणजे ठोक्यांची संख्या. ठोका किती वेळाचा हे पाहिल्याशिवाय तिला अर्थ नाही.

आता ३५.१ एके दिवशी आणि २७.४ दुसऱ्या दिवशी, ही तुमच्या प्रश्नातली सर्वात रंजक गोष्ट. हिच्यामागे दोन कारणे असू शकतात आणि ती वेगळी काढता येतात.

पहिले कारण तुमची ८ आणि १६ची विजोड जोडी. इंटेलचा कंट्रोलर अशा वेळी दोन्ही स्टिकमधले ८-८ जीबी एकत्र जोडतो. या १६ जीबीत दोन्ही चॅनल मिळून काम करतात. मोठ्या स्टिकमधले उरलेले ८ जीबी एकट्याच चॅनलवर राहतात, कारण त्यांना जोडीदार नाही. याला फ्लेक्स मोड म्हणतात. बायोसमध्ये तो चालू करावा लागत नाही, आपोआप होतो. आता बेंचमार्कने विंडोजकडे रॅमचा तुकडा मागितला की तो कुठल्या भागातला द्यायचा हे विंडोज ठरवते. जोडीच्या भागातला मिळाला तर ३५ येतील, एकट्या भागातला मिळाला तर १८च्या आसपास, आणि दोन्हीकडचा मिसळून मिळाला तर मधले काहीतरी. तुमचे २७.४ बरोबर मध्येच पडतात.

दुसरे कारण म्हणजे चाचणीची परिस्थिती. त्या दिवशी लॅपटॉप बॅटरीवर होता का? ब्राउझर उघडा होता का? अँटिव्हायरस स्कॅन करत होता का? आय५-१०२१०यू हा १५ वॉटचा प्रोसेसर आहे. एप्रिल-मेच्या दुपारी पंखा बंद खोलीत, गादीवर ठेवून चालवलात तर तो स्वतःला आवरता घेतोच. एक लॅपटॉप माझ्याकडे असाच ‘नवी रॅम खराब’ म्हणून आला होता. उघडला तर पंख्याच्या जाळीत धुळीचा पापुद्रा इतका घट्ट बसलेला की तो चिमट्याने अख्खा सोलून निघाला. साफसफाईनंतर तीच रॅम, तीच चाचणी, पण आकडे सरळ.

तेव्हा असे करा. लॅपटॉप रीस्टार्ट करा, चार्जर लावा, पॉवर मोड सर्वात वरच्या पातळीवर ठेवा, टेबलावर ठेवा आणि पाचेक मिनिटे हात लावू नका. विंडोज सुरू झाल्यावर बराच वेळ मागे स्वतःची कामे उरकत असते. मग चाचणी सहा वेळा चालवा. पहिला आकडा सोडून द्या, उरलेल्यांतला मधला धरा. सर्वात मोठा धरून मित्रांना दाखवू नका. हेच दुसऱ्या दिवशी पुन्हा करा. पाचही आकडे जवळजवळ असतील तर त्या दिवशीचे २७.४ हे परिस्थितीचे होते. एवढी शिस्त पाळूनही रीस्टार्टनुसार आकडा उड्या मारत असेल तर तो फ्लेक्स मोडचा खेळ आहे. त्यावर औषध नाही आणि गरजही नाही.

चाचणी कुठली वापरायची? नवीन काही उतरवून घ्यायचे नसेल तर विंडोजमध्येच एक आहे. कमांड प्रॉम्प्ट अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि ‘विनसॅट मेम’ (winsat mem) हे दोन शब्द इंग्रजी अक्षरांत टाइप करा. थोड्या वेळात सेकंदाला किती एमबी ते सांगतो. एडा६४ जास्त तपशील देते, वाचन, लेखन, कॉपी, लेटन्सी सगळे वेगळे, फक्त तिच्या चाचणी आवृत्तीत काही रकाने झाकलेले असतात. कोणतीही घ्या, पण आधीची आणि नंतरची चाचणी एकाच सॉफ्टवेअरची हवी. एक सॉफ्टवेअर कॉपी मोजताना वाचलेले आणि लिहिलेले दोन्ही धरते, दुसरे एकच धरते. काहींच्या पद्धतीत लिहिण्याआधी ती जागा प्रोसेसरला वाचून घ्यावी लागते आणि तो फेरा मोजला जात नाही, म्हणून लेखनाचा आकडा बारीक दिसतो. दोन सॉफ्टवेअरांचे आकडे शेजारी ठेवून काढलेला निष्कर्ष कचऱ्यात टाका.

लिनक्सवाल्यांना वेगळा इशारा. सिसबेंचची मेमरी चाचणी जशीच्या तशी चालवली तर ती १ केबीच्या ठोकळ्यांत काम करते. तेवढा ठोकळा प्रोसेसरच्या कॅशेतच मावतो. मग मोठाच्या मोठा आकडा येतो आणि रॅम बदलली तरी हलत नाही. ती चाचणी रॅमपर्यंत पोचलेलीच नसते. आय५-१०२१०यूची शेवटची कॅशे ६ एमबी आहे, त्यामुळे चाचणीचा तुकडा निदान त्याच्या चौपट तरी असावा. जॉन मॅकॅल्पिन यांची स्ट्रीम ही चाचणी यासाठीच चांगली, तिच्या नियमांतच ही चौपटीची अट आहे.

राहिला तो ‘अपेक्षेपेक्षा कमी’ हा शेरा. अशी संकेतस्थळे तुमचा आकडा त्याच मॉडेलची स्टिक वापरणाऱ्या इतरांच्या आकड्यांशी ताडून पाहतात. पण तीच १६ जीबी ३२०० स्टिक कोणी नव्या रायझनमध्ये, कोणी जोडीने, कोणी पूर्ण ३२००वर चालवतो. तुम्ही २६६६च्या मशीनमध्ये विजोड जोडीने चालवता. त्या रांगेत तुम्ही मागे असणारच. तो शेरा तुमच्या स्टिकबद्दल काहीच सांगत नाही, फक्त एवढेच सांगतो की इतरांचे मशीन वेगळे आहे. मी स्वतः ती टक्केवारी बघतही नाही.

इथवरचे थोडक्यात: २६६७ ही तुमच्या प्रोसेसरची रॅमच्या वेगासाठीची मर्यादा आहे, ३५.१ हे दोन चॅनल चालू असल्याचे लक्षण आहे, लेटन्सीतला फरक गोंगाट आहे आणि २७.४ची दोन निरुपद्रवी कारणे वर दिली आहेत.

दोन चॅनल खरेच चालू आहेत का हे डोळ्यांनी बघायचे असेल तर सीपीयू-झेडच्या मेमरी पानावर चॅनलच्या रकान्यात ‘२ गुणिले ६४ बिट’ असे दिसेल, जुन्या आवृत्तीत नुसते ‘ड्युअल’. डीडीआर५ लॅपटॉपवाल्यांनी मात्र इथे फसू नये. डीडीआर५च्या एकाच स्टिकमध्ये ३२-३२ बिटांचे दोन उपचॅनल असतात, म्हणून एक स्टिक असतानाही ‘२ गुणिले ३२’ दिसते. दोन स्टिक असतील तर ४ हवेत.

अकराव्या पिढीच्या आय५-आय७वाल्यांकडे याहून मजेशीर खूण आहे. आय५-११३५जी७मध्ये एकच स्टिक असेल तर ग्राफिक्सचे नाव नुसते ‘यूएचडी’ दिसते. दुसरी घातली की तेच ‘आयरिस एक्सई’ होते. पर्वरीतल्या एका कॉलेज विद्यार्थ्याला वाटले मी ग्राफिक्स कार्डच बदलले! वेगळे कार्ड नसलेल्या लॅपटॉपमध्ये ग्राफिक्स रॅममधूनच खाते, त्यामुळे दुसऱ्या चॅनलचा खरा फायदा गेममध्ये आणि व्हिडिओच्या टाइमलाइनवर जाणवतो. टायपिंग, ईमेल, टॅली यांत शून्य. तुमच्या दहाव्या पिढीत नाव बदलणार नाही, पण टाइमलाइन थोडी मऊ चालेल.

स्टिक अस्सल आहे का ही शंका असेल तर सीपीयू-झेडच्या एसपीडी पानावर स्लॉटप्रमाणे बनवणाऱ्याचे नाव, पार्ट नंबर आणि बनवल्याचा आठवडा व वर्ष दिसते. ते स्टिकच्या लेबलाशी आणि बिलाशी जुळवा. चिप बनवणारे मुख्यतः सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन, बाकी बहुतेक ब्रँड त्यांच्या चिप घेऊन स्टिक जोडतात. त्यामुळे ब्रँड एक आणि चिप दुसऱ्याची दिसली तर ती भेसळ नव्हे.

लेबलावर आणखी एक बारीक मजकूर असतो, ‘१आरएक्स८’, ‘२आरएक्स८’ किंवा ‘१आरएक्स१६’ असा. यातला शेवटचा प्रकार पाहून घ्या, विशेषतः ८ जीबीच्या स्टिक घेताना. १आरएक्स८मध्ये आठ चिप असतात, १आरएक्स१६मध्ये चारच मोठ्या. चार चिपवाल्या डीडीआर४मध्ये आतले बँकगट (आळीपाळीने मागण्या घेणारे मेमरीचे विभाग) निम्मे असतात, म्हणून एका मागोमाग एक मागण्या आल्या की तिला जास्त वेळा थांबावे लागते. वेग तोच, सीएल तोच, आणि तरी बेंचमार्कमध्ये मागे. खोटी नसते, स्वस्तात बनवलेली असते. तुमची जुनी ८ जीबीची कोणती आहे ते बघा, कंपनीकडून लॅपटॉपबरोबर आलेल्या स्टिकमध्ये हा प्रकार पुष्कळ दिसतो.

आता तुमच्या कामाचे बोलू. तुम्ही २४ जीबी का केली? दोन-अडीच तासांचे नाटक, दोन कॅमेरे, वर ध्वनीची वेगळी फाइल, बाजूला ब्राउझर. ८ जीबीत हे मावत नव्हते, म्हणून विंडोज उरलेले एसएसडीवर ढकलत होते आणि तुम्ही खिडकी बदलली की मशीन घुटमळत होते. हे बरे झाले का, हाच तुमचा बेंचमार्क. नेहमीचे मोठे प्रोजेक्ट उघडा, टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर ‘कमिटेड’चा आकडा पाहा. तो १२-१४ जीबी दाखवत असेल तर ८ जीबीत तुमची कशी ओढाताण होत होती ते तिथेच कळेल. मग रिसोर्स मॉनिटर उघडून मेमरीत ‘हार्ड फॉल्ट’ची (रॅममध्ये नसलेले डिस्कवरून आणावे लागण्याची) रेघ पाहा. आधी टाइमलाइन ओढताना ती डोंगरासारखी वर जात असणार, आता बहुतेक वेळ जमिनीला चिकटलेली दिसायला हवी. प्रोजेक्ट पहिल्यांदा उघडताना ती वर जाईल, ते चालते, फाइल डिस्कवरून येतच असतात.

एक्स्पोर्टला लागणारा वेळ मात्र फारसा कमी होणार नाही, आधीच सांगून ठेवतो. ते काम प्रोसेसरचे आणि त्यातल्या व्हिडिओ एन्कोडरचे आहे. आणि आधी विंडोज ५-६ जीबी खायचे, आता रिकामे असतानाही जास्त खाते असे दिसले तर तक्रार करू नका. रॅम मोकळी आहे म्हटल्यावर ते वापरातल्या फाइल तिथे धरून ठेवते आणि मागितली की सोडते.

विजोड जोडी मोडून ८ अधिक ८ करू का, असेही तुम्ही विचारले आहे. तुम्ही फक्त गेम खेळत असता आणि १६ जीबी पुरत असते तर मी हो म्हटले असते. तुमच्या कामाला २४ जीबी विजोड ही १६ जीबी सजोडपेक्षा चांगली. बेंचमार्कच्या आकड्यासाठी क्षमता सोडणे म्हणजे शोभेसाठी पोटाला चिमटा. १६ अधिक १६ उत्तम, पण त्यासाठी आत्ता खर्च करू नका.

आता ती चाचणी, जिच्यावर स्टिक ठेवायची की परत करायची ते खरोखर ठरते. वेगात पाच टक्के कमी असलेली रॅम चालते. एक बिट चुकवणारी रॅम चालत नाही. ती महिनाभर गप्प राहील आणि नेमकी चवथीच्या आदल्या रात्री तुमची प्रोजेक्ट फाइल खराब करील. मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवर घ्या, लॅपटॉप त्यावरून सुरू करा आणि रात्रभर चालू द्या. मोफत आवृत्ती चार फेऱ्यांवर थांबते, तेवढ्या पुरतात. चार्जर लावलेला ठेवा आणि बॅटरीही भरलेली असू द्या, पावसाळ्यात आपल्याकडे रात्री वीज केव्हा जाईल सांगता येत नाही. सकाळी चुकांचा आकडा शून्य असेल तर स्टिक तुमची. एक जरी असेल तर ‘एकच तर आहे’ म्हणून सोडू नका.

परंतु दुकानात जाण्याआधी एक करा. चूक आली तर एक-एक स्टिक एकटी ठेवून चाचणी पुन्हा घ्या, आणि शक्य असेल तर स्लॉट बदलून. दोष स्टिकचा की स्लॉटचा ते कळते. किनाऱ्याजवळच्या घरांतून, कळंगूट-कांदोळीकडून येणाऱ्या लॅपटॉपांत मी रिकाम्या राहिलेल्या स्लॉटच्या पिनांवर हिरवट-पांढरी पूड पाहिली आहे. वर्षानुवर्षे खारी, ओली हवा आणि आत काही बसवलेले नाही, मग दुसरे काय होणार? अशा स्लॉटमध्ये नवी कोरी स्टिकही चुका देते किंवा मधूनच गायब होते, २४ऐवजी ८ जीबी दिसायला लागते. साखळी किनाऱ्यापासून आत आहे, तुमच्याकडे याची शक्यता कमी, तरी टॉर्च मारून बघा. लॅपटॉप बंद, चार्जर काढलेला, बॅटरीची जोडणी सोडवलेली, आणि आयसोप्रोपाइल अल्कोहोलने मऊ ब्रश. स्टिकच्या सोनेरी पट्टीवरून मऊ खोडरबर फिरवले तरी चालते, पण त्याचा भुगा स्लॉटमध्ये पडू देऊ नका. परत बसवताना स्टिक तिरकी आत सरकवा, सोनेरी पट्टी जवळजवळ दिसेनाशी झाली पाहिजे, मग खाली दाबा, दोन्ही बाजूंच्या क्लिप टक् करून बसतील. त्यानंतर पहिल्यांदा सुरू करताना पडदा थोडा वेळ काळा राहिला तर लगेच बटण दाबून बंद करू नका. मशीन नव्या रॅमशी जुळवून घेत असते.

नवी स्टिक एकटी ठेवूनही, दोन्ही स्लॉटमध्ये, चुका देत असेल तर मेमटेस्टच्या पडद्याचा फोनवर फोटो काढा आणि बिल घेऊन दुकानात जा. हा पुरावा दाखवला की कुठलाही शहाणा दुकानदार वाद घालत नाही, टक्केवारीचा शेरा दाखवलात तर घालील. आणि स्टिकवरचे लेबल तोवर सोलू नका. वॉरंटीसाठी त्यावरचाच नंबर बघतात.